सीटखालचं मडकं

उतारावर हसायचं ते तोंड मिटून,
हे कोणी शिकवलं नव्हतं.
हिवऱ्याच्या वळणावर एक चिलट थेट घशात गेलं
तेव्हा कळलं.
वीज खात्याची मीटर वाचणारी मी,
बावीस वर्षं आकडे उतरवते:
चरावणे, रिवे, गोळावली,
एका घरापासून दुसरं घर म्हणजे मधे एक रान.
स्कूटर दोनदा ओढ्यात पडली.
सायकल पडली तर निदान उचलता येते.

मोजायची सवय जात नाही.
गोटिंगाच्या झाडावर आग्यांची मोहळं सतरा.
त्याखालून जाताना पायडल मारायचं नाही,
चेन करकरते. नुसतं वाहत जायचं,
कुणी निजलेलं असताना माजघरातून जातात तसं.

धामण आडवी आली की दोन्ही पाय उचलून हँडलवर.
त्या क्षणी ब्रेक आणि कुळदेव
दोघेही आठवत नाहीत.
ती आपली सावकाश,
परकराची नाडी कुणी ओढून घ्यावी तशी
पलीकडे संपते.

गवा तर एकदाच.
नोव्हेंबरचं धुकं, सकाळचे पावणेसात,
रस्त्यात पांढरे मोजे घातलेले चार पाय
आणि त्यांच्यावर, बऱ्याच वेळानं, गवा.
घंटी वाजवावी का?
बाजूला हो, असं त्याला कोणत्या शब्दांत म्हणावं?
मी ‘बाबा’ म्हणाले. आवाज आला नाही.
त्यानं नाकातून श्वास सोडला, धुक्याला भोक पडलं,
मग माझा कंटाळा आल्यासारखा
काजूत उतरला.
त्या दिवशी बुधाजी माजीकांचा आकडा
मी दोनदा लिहिला, दोन्ही वेळा चुकीचा.

गांधीलमाशी मात्र एवढीशी.
कोपर्ड्याच्या उतारावर हेल्मेटच्या फटीतून आत आली
आणि तिला वाट सापडेना, मला पट्टा सापडेना.
तीन डंख. दोन टाळूवर, एक कानामागे.
शेवंती गावसनं ओट्यावर बसवलं,
कोयत्याची पाठ घासली, आगळ चोळलं,
‘रड गो, रडल्यार वीख देंवता.’
बावन्न वर्षांची मी, रडले.
रडता रडता तिचा मीटर वाचला:
चार हजार एकशे सहा.

मग पंधरा दिवस सायकल पडवीत.
तोंड सुजलं होतं, हे चार दिवसांचं कारण.
उरलेल्या अकरा दिवसांचं
कुणाला सांगितलं नाही.

बाराव्या का कितव्या सकाळी हवा भरायला वाकले
तर सीटखाली, स्प्रिंगांच्या मधे,
मातीचं मडकं. सुपारीएवढं.
गळ्याला काठसुद्धा काढलेला.
कुंभारीण माशी न्हाणीमागच्या ओल्या मातीतून
गोळी गोळी आणत होती, माझ्याकडे न बघता.
दुपारी एक हिरवी अळी आणली,
अजून हलणारी,
आत सरकवली, तोंड लिंपलं.

लहानपणी सातेरीच्या देवळात कीर्तनात ऐकलं होतं,
भिंगरीच्या ध्यासानं अळीच भिंगरी होते.
पुढे शाळेत कळलं, अळी ही शिदोरी.
दोन्ही खरं धरून मी सीटला हात लावला नाही.
‘सायकल नादुरुस्त’ असा अर्ज दिला.
साहेब म्हणाले, नेमकं काय बिघडलंय?
म्हटलं, बसायची जागा.

आता साडेसहाच्या बसनं रिव्यापर्यंत, पुढं पायी.
चालताना तोंड उघडं ठेवून हसता येतं,
पण उतार अंगात येत नाही.
रोज परतले की आधी टॉर्च, मग चहा.

आज मडक्याला गोल भोक,
पेन्सिल आत जाईल एवढं.
सवयीनं वहीत लिहिलं:
मागील वाचन शून्य, चालू वाचन एक.
पडवीत कुठंतरी गूं गूं चाललंय.
मी हेल्मेट उलटं करून झटकते,
आत बघते,
पुन्हा झटकते.